मस्कत–सूर पॅकेज: तिसरा दिवस बदलून घ्या

पणजीतल्या एका टूरवाल्याचं 'ओमान, ४ रात्री ५ दिवस' हे पॅकेज मस्कतपुरतं चोख आहे. गोव्यातल्या मोपा विमानतळावरून थेट विमान, तीन तासांच्या आत पोचता, घड्याळ दीड तास मागे. घोळ आहे तो तिसऱ्या दिवशी. सकाळी सूर या गलबतं बांधणाऱ्या जुन्या बंदराला नेतात आणि त्याच रात्री मस्कतला परत आणतात.

एका बाजूचे सुमारे २०० किलोमीटर. रस्ता गुळगुळीत, त्याची काही तक्रार नाही. अडतं ते थांब्यांत. बिम्माचं सिंकहोल, म्हणजे चुनखडीचं छत कोसळून झालेला खड्डा, तळाशी हिरवंनिळं पाणी. पायऱ्या उतरून पाण्यात पाय सोडले की बारके मासे टोचायला येतात. अर्धा तास पुरे.

वादी शाब या पाण्याच्या घळीला मात्र पॅकेज दीड तास देतं, आणि लागतात निदान साडेतीन. आधी होडीने पलीकडे जायचं. आपल्याकडे गोव्यात फेरीबोटीला पायी माणसाला पैसे पडत नाहीत, इथे दोन मिनिटांच्या पाण्याला जाऊन-येऊन एक रियाल. मग दगडगोट्यांतून पाऊण तास चाल, त्यापुढे डोह पोहत पार करायचे. शेवटी कातळात डोकं जेमतेम मावेल एवढी फट. तिच्यातून आत गेलं की गुहेत धबधबा. दीड तासात माणूस पहिल्या डोहाला हात लावून माघारी फिरतो. चपला नकोत, तळव्याला पकड असलेले जुने बूट घाला, ते भिजणारच. मोबाइलला पाणी न शिरणारी पिशवी हवी. बायकांनी टी-शर्ट-लेगिंगवर पोहावं. पुरुषांनीही वाटेवर उघड्या अंगाने फिरू नये. डोंगरावर ढग दिसले तर आत जाऊच नका, ऊन असलेल्या जागीही वरचा लोंढा अचानक येतो. शुक्रवार-शनिवार तिथली सुट्टी, तेव्हा गर्दी.

एवढं करून सूरला पोचेपर्यंत दिवस कललेला. गलबतांच्या कारखान्यात काम थांबलेलं असतं, आणि बघायचं तेच असतं: जुन्या पद्धतीत कागदावर आराखडा नसतो, आधी बाहेरच्या फळ्या बसवतात, आतल्या फासळ्या मागून. फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकतात. लाकूड पूर्वापार आपल्याच किनाऱ्यावरचं, मलबारचं सागवान.

सूरपलीकडच्या रास अल जिंझ किनाऱ्यावरची हिरवी कासवं तर पॅकेजमध्ये नाहीतच. गोव्यात मोरजी-गालजीबागच्या किनाऱ्यांवर येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांपेक्षा ही बरीच मोठी. गाइडबरोबरची फेरी रात्री आणि पहाटे, आगाऊ नोंदणी करून. पहाटेची घ्या, रात्री फोटोला बंदी असते.

मस्कतचे दोन दिवस नीट बसवलेत, फक्त वार बघून तारीख घ्या. सुलतान काबूस मशीद परधर्मीयांना शनिवार ते गुरुवार, सकाळी ८ ते ११ एवढीच उघडी. शुक्रवार आडवा आला तर ७० बाय ६० मीटरचा तो अखंड गालिचा हुकला. बायकांना डोकं, मनगट, घोटे झाकावे लागतात. मस्कतच्या मत्राह या जुन्या बंदरभागातला बाजार दुपारी बंद, तेव्हा संध्याकाळी जा. मासळीबाजार सकाळचा, तिथे 'कनअद' म्हणून मांडलेला मासा म्हणजे आपली इसवण, म्हणजे सुरमई.

जलाली आणि मिरानी हे पोर्तुगीज काळातले किल्ले राजवाड्याजवळून बाहेरूनच दाखवतात, सेल्फीपुरती पाच मिनिटं. गोवेकराला ती कमीच. पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने मस्कत घेतलं १५०७ साली, गोवा त्यानंतर तीन वर्षांनी. मस्कतमधून पोर्तुगीज १६५० साली गेले. आपल्याकडे आणखी ३११ वर्षं राहिले. किल्ल्यावर चढायचंच असेल तर मत्राहचा चढा.

बुकिंगच्या वेळी एकच बदल मागा: तिसरी रात्र सूरला. चौथ्या दिवशीची मॉलमधली खरेदी आणि संध्याकाळची बोटसफर काढून टाकली की वेळ निघतो. बोटसफर मांडवीत रोज मिळते. टूरवाला हॉटेलच्या फरकाचे पैसे सांगेल. ते रियालमध्ये सांगितले तर आकडा छोटा वाटतो, पण एक रियाल म्हणजे २.६ डॉलर. रुपयांत लिहून घ्या.