गरोदरपणातला मोठा जिम बॉल: पाचव्या महिन्यापासूनचा अनुभव

मी हा बॉल घेतला व्यायामासाठी आणि जास्त वापरला खुर्ची म्हणून. पैसे मात्र वसूल झाले.

घर फोंड्याला, ऑफिस पणजीत. दिवसभर खुर्ची, वर जाता-येता बसची सीट. पाचव्या महिन्यात संध्याकाळी कंबर धरायला लागली. फिजिओथेरपिस्टने बॉल सुचवला, डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं, मग ऑनलाइन मागवला. पंपासकट हजाराच्या आत.

माप उंचीवरून ठरतं. साधारण पाच फूट तीन इंचांपर्यंत 55 सेंटिमीटर, त्याहून उंच असाल तर 65. खरी पारख बसल्यावरच होते: पावलं पूर्ण टेकलेली हवीत आणि बैठक गुडघ्यांपेक्षा जरा वर. गुडघे वर येत असतील तर हवा कमी आहे, नाहीतर बॉलच लहान आहे. पहिल्या दिवशी गच्च भरू नका; थोडा ढिला ठेवून दुसऱ्या दिवशी उरलेली हवा भरा. ‘अँटी-बर्स्ट’ लिहिलेलाच घ्या, म्हणजे भोक पडलं तरी तो फटकन न फुटता हळूहळू बसतो. नव्या प्लॅस्टिकचा वास मात्र डोक्यात जातो. गॅलरीत ठेवून जाऊ दिला.

गोव्यात खरी अडचण लादीची. पाऊस लागला की टाइल्सना घाम फुटतो. सासूबाई तर बॉल बघूनच म्हणाल्या, “पडशील गो बाये!” त्यांचं भय खोटं नव्हतं. खाली रबरी मॅट, पाठीमागे भिंत, पाय अनवाणी आणि सुरुवातीला कुणीतरी जवळ, एवढं पाळलं. पावसाळ्यात बुरशीही धरते. साबणाच्या पाण्याने पुसून कोरडा करावा लागतो.

बसून कंबर गोल फिरवणं, पुढे-मागे झुलणं चांगलंच. पण सगळ्यात आराम मिळाला तो गुडघे टेकून, बॉलवर छाती-हात टाकून ओणवं राहण्यात. पाठीवरचा भार उतरल्यासारखा वाटतो. तरी बॉल म्हणजे चालण्याला पर्याय नव्हे. जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणात, काही अडचण नसेल तर, आठवड्याला 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते; ती मी चालूनच भरली, पाऊस असेल तेव्हा घरातल्या घरात. चालताना बोलता आलं पाहिजे, एवढाच वेग. रक्तस्राव, पाणी जाणं, चक्कर, छातीत दुखणं यातलं काहीही झालं तर तिथेच थांबून डॉक्टरांना फोन.

बॉक्समध्ये एक आहाराचा तक्ताही आला: अव्होकॅडो, ब्लूबेरी, सामन. वाचून हसू आलं. फोंड्याच्या बाजारात सामन कोण विकतंय? आपले तारले आणि बांगडे तेच काम करतात, आणि लहान मासे असल्याने पाऱ्याची भीतीही कमी. मोरी (शार्क मासा) मात्र बंद ठेवली. जून-जुलैत ट्रॉलर बंद, मासळी महाग. तेव्हा अंडी, अळसांदे (चवळीसारखं कडधान्य), मूग. सकाळी नाचणीचं तिझान, म्हणजे पेज. तांबड्या भाजीवर (लाल माठ) लिंबू पिळायचं, म्हणजे लोह नीट लागतं. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही आणि लोहाच्या गोळीवर लगेच चहा नाही. हे त्या तक्त्यात कुठेच नव्हतं, आणि कामाचं तर हेच होतं.

बॉक्सवर ‘नॉर्मल डिलिव्हरीसाठी’ असंही छापलंय. कळा सोसायला बॉलवर बसून काहींना बरं वाटतं, मलाही वाटलं. पण नॉर्मल की सिझेरियन हे बॉल ठरवत नाही. वार (प्लॅसेंटा) खाली असेल किंवा डॉक्टरांनी आराम सांगितला असेल तर त्यांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

बाळ झाल्यावर त्याला छातीशी धरून हलकेच झुलायला याच्यासारखं दुसरं काही नाही. रडं पाळण्यापेक्षा लवकर थांबतं. पाचपैकी चार तारे. एक कापला तो पंपासाठी: भरताना नवऱ्याला धाप लागली, आणि बूच हरवलं तर जादाचं दिलेलं नाही.