सेंट्रल हीटिंगचा रूम थर्मोस्टॅट बदलला, अख्खा हिवाळा वापरला: वायरिंग, जागा आणि बाकीचा अनुभव

ऑक्टोबरमध्ये जुना थर्मोस्टॅट (खोलीचं तापमान बघून बॉयलर चालू-बंद करणारा डबा) काढून वायरलेस बसवला, आता मे चालू आहे, म्हणजे इंग्लंडातला पूर्ण हिवाळा त्याच्यावर काढलाय. ब्रँड मुद्दाम सांगत नाही, या वर्गातल्या सगळ्यांची जोडणी साधारण सारखीच असते आणि मला जे सांगायचंय ते ब्रँडचं नाहीच. थर्मोस्टॅट कोणता घेतला यापेक्षा तो घरात कुठे ठेवला याने जास्त फरक पडतो. आमच्याकडे तरी पडला.

घर मिल्टन कीन्सला, नव्वदच्या दशकातलं सेमी, म्हणजे एका भिंतीने शेजारच्या घराला चिकटलेलं, किचनमध्ये कॉम्बी बॉयलर, म्हणजे रेडिएटर आणि नळाचं पाणी दोन्ही टाकीशिवाय तापवणारा. थर्मोस्टॅट हॉलवेमध्ये, मेन डोअरच्या समोरच. हनीवेलचा तो टी-६३६०, गोल डायलवाला, टक्क आवाज करणारा, इथे बऱ्याच घरांत हाच दिसेल. इकडचे बिल्डर हॉलवेमध्ये का बसवायचे देव जाणे, घरातली सगळ्यात थंड जागा ती, दार उघडलं की वारा थेट त्याच्यावर. मग लाउंजमध्ये घाम फुटेपर्यंत तापलं तरी हॉलवे १७ वर, म्हणून बॉयलर चालूच. त्यात आमच्याकडे तापमान दोन-अडीच डिग्री खालीवर व्हायचं, त्याचं कारण उघडल्यावर कळलं.

या मॉडेलमध्ये १ नंबरच्या टर्मिनलला लाइव्ह म्हणजे फेज येते, ३ नंबरवरून बॉयलरला 'तापव' असा निरोप म्हणजे स्विच्ड लाइव्ह जाते, आणि २ नंबरला न्यूट्रल लागते. न्यूट्रल कशाला? आत एक बारीकसा हीटर असतो, तो डब्याला आतून थोडं आधीच गरम करतो म्हणजे खोली पूर्ण तापायच्या आधी स्विच तुटतो आणि तापमान फार वर जात नाही. आमच्या भिंतीतून आलेल्या केबलमध्ये फक्त लाल, काळी आणि उघडी अर्थ. लाल १ ला, काळी ३ ला, २ नंबर रिकामा. म्हणजे इतकी वर्षं तो हीटर कधी चाललाच नव्हता.

आता इथे नीट वाचा. ती काळी वायर न्यूट्रल नाही. बॉयलर चालू असताना तिच्यात २३० व्होल्ट असतात. इकडे २००४ च्या आधी लाल लाइव्ह आणि काळी न्यूट्रल असायची, त्यानंतर तपकिरी आणि निळी आली, पण थर्मोस्टॅटला दोनच वायरी ओढल्या असतील तर दुसरी वायर कुठल्याही रंगाची असली तरी ती स्विच्ड लाइव्हच असते. नियमाने तिच्या टोकाला तपकिरी स्लीव्ह किंवा टेप पाहिजे, आमच्याकडे ज्याने कुणी काम केलं होतं त्याने ते कष्ट घेतले नव्हते. त्यामुळे रंग बघून नव्या थर्मोस्टॅटच्या एन म्हणजे न्यूट्रलच्या टर्मिनलमध्ये वायर खुपसायची नाही. कुठली वायर कुठल्या नंबरला होती त्याचा फोटो काढा, प्रत्येक वायरीवर नंबराचा कागद चिकटवा, मगच सोडा.

काम सुरू करायच्या आधी बॉयलरचा फ्यूज्ड स्पर म्हणजे भिंतीवरचा फ्यूजवाला स्विच बंद करून त्यातला ३ अँपिअरचा फ्यूज काढून खिशात ठेवला, म्हणजे घरातलं कुणी चुकून स्विच दाबला तरी काही होणार नाही. नुसती लांबून पिप् करणारी पेन विश्वासाची नाही, दोन टोकांचा टेस्टर घ्या, आधी चालू सॉकेटवर चालतोय का बघा, मग वायरी तपासा, मग परत सॉकेटवर बघा. काही घरांत थर्मोस्टॅटची लाइन दुसरीकडूनच आलेली असते, म्हणून तपासल्याशिवाय हात लावू नका.

मी वायरलेस घेतला तो याच न्यूट्रलच्या भानगडीमुळे. त्याचा रिसीव्हर म्हणजे थर्मोस्टॅटचा निरोप घेणारा डबा बॉयलरशेजारी बसतो, तिथे लाइव्ह-न्यूट्रल दोन्ही आयतं मिळतं, आणि थर्मोस्टॅट बॅटरीवर, कुठेही ठेवा. बॉयलरकडचं कनेक्शन मी केलं नाही, वर्षाच्या सर्व्हिसला येणाऱ्या गॅस सेफ (म्हणजे गॅसच्या कामाची अधिकृत नोंदणी असलेल्या) इंजिनिअरकडून करून घेतलं, वेगळे पैसे पडले पण बॉयलरचं कव्हर उघडायचा उद्योग आपला नाही. रिसीव्हरला एल आणि एन म्हणजे त्याची स्वतःची पॉवर, आणि कॉमन व एनओ (एरवी तुटलेलं, निरोप आला की जोडलं जाणारं टोक) म्हणजे आतला स्विच. बॉयलर २३० व्होल्टचा निरोप घेणारा असेल तर एल वरून कॉमनला एक छोटी लिंक म्हणजे जोडवायर टाकतात. पण तुमच्या बॉयलरचे थर्मोस्टॅटचे टर्मिनल २४ व्होल्टचे असतील किंवा ओपनथर्मचे (बॉयलर आणि थर्मोस्टॅट एकमेकांना डेटा पाठवतात ती पद्धत) असतील तर ती लिंक अजिबात टाकायची नाही, २३० व्होल्ट तिथे गेले की बॉयलरचा बोर्ड गेलाच समजा, आणि त्या बोर्डाच्या किमतीत चार थर्मोस्टॅट येतील. बॉयलरचं मॅन्युअल नेटवर पीडीएफ मिळतं, आधी वायरिंगचं पान बघा. दोन टर्मिनलमध्ये कंपनीची लिंक असेल तर ती काढावी लागते, नाहीतर थर्मोस्टॅट काहीही म्हणाला तरी बॉयलर चालूच राहतो.

हॉलवेतली जुनी केबल बॉयलरकडून सोडवून घेतली, भिंतीतली टोकं कनेक्टरमध्ये बंद केली, वर कोरी प्लेट. झालं.

मग जागा. लाउंजमध्ये साधारण दीड मीटर उंचीवर, आतल्या भिंतीला, ऊन आणि रेडिएटरपासून लांब. टीव्हीच्या वर ठेवू नका, टीव्हीची ऊब त्याला खोलीची वाटते. आणि ज्या खोलीत थर्मोस्टॅट त्या खोलीतल्या रेडिएटरचा टीआरव्ही म्हणजे खोली तापली की त्या रेडिएटरचं पाणी कमी करणारी ती नंबरवाली टोपी पूर्ण उघडी ठेवायची, नाहीतर टोपी म्हणते पुरे आणि थर्मोस्टॅट म्हणतो अजून तापव, दोघांच्या भांडणात गॅस जातो. हॉलवेच्या रेडिएटरला टोपी नव्हतीच, ती इंजिनिअरने बसवून दिली, आता तिथे २ वर असते. पहिल्याच आठवड्यात फरक जाणवला, तापमान १९ ला लावलं की १९ च्या आसपासच राहतं. नवे थर्मोस्टॅट एकदम चालू आणि एकदम बंद असं करत नाहीत, सेट केलेलं तापमान जवळ आलं की बॉयलर थोडा थोडा वेळ लावतात. गॅस बॉयलरला तासात ६ वेळा हे सेटिंग बहुतेक आधीच असतं, त्याला हात लावू नका.

लाउंजचा तोटा कळला संक्रांतीला. बायकोने हळदीकुंकू ठेवलं होतं, खाली बायका बसल्यात, चहा चालू, खोली माणसांनीच तापली, थर्मोस्टॅट खुश आणि बॉयलर बंद, वर मुलं गोधडी घेऊन बसलेली. मग थर्मोस्टॅट उचलून वर मुलांच्या खोलीत नेऊन ठेवला आणि तिथली टोपी पूर्ण उघडली. वायरलेसचा हा फायदा जाहिरातीत कुणी सांगत नाही.

आई डिसेंबरात नाशिकहून आली होती. तिला थंडी वाजली की ती सरळ ३० वर न्यायची. "अगं आई, ३० केलं म्हणून लवकर तापत नाही, तेवढाच वेळ लागतो, फक्त नंतर थांबत नाही" असं मी रोज सांगायचो, ती हो म्हणायची आणि परत ३०. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन कमाल मर्यादा २२ केली. आता ती ३० दाबते, ते २२ वर अडतं, कुणाची तक्रार नाही. रात्री १६ वर मात्र दही लागत नाही, त्यासाठी ओव्हनमध्ये दिवा चालू ठेवून भांडं आत ठेवतो.

ॲपबद्दल काय सांगू. पहिला महिना ऑफिसमधून ग्राफ बघत बसलो, नंतर उघडलंच नाही. सकाळी साडेसहा ते साडेआठ आणि संध्याकाळी पाच ते दहा, एवढं टाइमटेबल टाकलं की काम होतं. फोन कुठे आहे ते बघून हीटिंग बंद करणारं फीचर आमच्याकडे बिनकामाचं, घरात कुणी ना कुणी असतंच. फेब्रुवारीत एकदा सकाळी घर गार, कारण थर्मोस्टॅटची बॅटरी संपली आणि रिसीव्हरचा संपर्क तुटला की तो हीटिंग बंदच ठेवतो. रिसीव्हरवर हाताने चालू करायचं बटण आहे, ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. गरम पाण्याला काही होत नाही, कॉम्बीत नळ उघडला की बॉयलर थर्मोस्टॅटला विचारत नाही.

गॅस कमी लागला का? लागला, पण सगळं श्रेय थर्मोस्टॅटला देणार नाही, कारण त्याच वेळी बॉयलरचं फ्लो टेंपरेचर, म्हणजे रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान, ७५ वरून ६० वर आणलं. कंडेन्सिंग बॉयलरमध्ये परत येणारं पाणी साधारण ५५ च्या खाली असेल तरच धुरातल्या वाफेची उष्णता नीट मिळते, ७५ वर ते क्वचितच होतं. घर तापायला थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून सकाळचं टाइमिंग अर्धा तास अलीकडे घेतलं. हे फुकटात होतं, बॉयलरच्या पुढच्या बटणावरून. फक्त घरात गरम पाण्याची वेगळी टाकी असेल तर सरळ ६० करू नका, टाकीतलं पाणी जंतूंसाठी ६० पर्यंत तापावं लागतं आणि त्याला फ्लो त्याहून जास्त लागतो.

भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाला ईमेलवर विचारून मगच हात लावा, आणि जुना थर्मोस्टॅट स्क्रूसकट पिशवीत घालून ठेवा, घर सोडताना परत लावून द्यावा लागू शकतो. आणि तुमच्या भिंतीवर दोनच वायरी असतील, वायरलेस नकोच असेल, तर बॅटरीवर चालणारा साधा प्रोग्रामेबल घ्या, त्याला न्यूट्रल लागत नाही, जुन्या १ ची वायर कॉमनला, ३ ची एनओ ला, एवढंच. फक्त तो हॉलवेतच राहील.