लगद्याच्या ट्रेवर चार लेप आणि एक पावसाळा

आमची आजी बांबूच्या टोपल्यांना कागदाचा लगदा लिंपायची. जुन्या वह्या दोन दिवस भिजत घालायच्या, भिजवलेली मेथी पाट्यावर वाटून त्यात कालवायची आणि टोपलीला आतून-बाहेरून बोटांनी थापायचं. मेथीने लगदा चिकट होतो आणि कडूपणामुळे कीड फिरकत नाही, असं ती सांगे. पण त्या टोपल्यांत ठेवायचं फक्त कोरडं. ओल्या हाताने टोपली उचलली तरी बोलणी खावी लागत. मला करायचा होता चहाचा ट्रे, तोही रत्नागिरीत, जिथे जुलैत बरणीतलं मीठसुद्धा पाझरतं.

मार्चमध्ये त्याच पद्धतीने चार ट्रे केले. एप्रिल-मेमध्ये चौघांवर चार वेगळे लेप दिले आणि जूनपासून चारही वापरात काढले. आता जानेवारी आहे, त्यामुळे थोडं अधिकाराने बोलता येईल.

पहिल्यावर सुतारकामाचा पांढरा गोंद, पाणी घालून पातळ केलेला, तीन हात. इंटरनेटवर शंभर जणांनी सांगितलेलं असतं. वाळल्यावर काचेसारखा दिसला, म्हणून मी खूश. पहिल्याच आठवड्यात ओला पेला राहिला आणि त्याच्या बुडाखाली दुधाळ गोल उमटला. नखाने खरवडलं तर साय निघावी तसा थर निघाला. साधा पांढरा गोंद पाण्याने पुन्हा मऊ होतो, यात गूढ काही नाही. तो ट्रे आता देवघरात उदबत्त्या आणि काडेपेटी सांभाळतो.

दुसऱ्यावर चपडीचं पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. सावंतवाडीच्या गंजिफांवरची चकाकी लाखेचीच, त्यामुळे माझा याच्यावर जीव होता. कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळून गोल गोल फिरवत दहा-बारा हात दिले. इतकी सुंदर, आतून उजळल्यासारखी झिलई बाकी कशालाच आली नाही, हे आजही म्हणेन. पण गरम कप ठेवला की पांढरं कडं. सॅनिटायझरचा एक थेंब पडला तिथे बोट चिकटलं, कारण जे स्पिरिट तिला विरघळवतं तेच त्या बाटलीतही असतं. शोभेच्या वस्तूला डोळे मिटून चपडी द्या. चहाच्या ट्रेला नको.

तिसरा इपॉक्सी रेझिनचा, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकचा. सगळ्यांत महाग हाच पडला. सपाट पाटावर रेझिन स्वतःच समतल होतं, म्हणून त्याची इतकी कीर्ती. ट्रेला मात्र उभी कड असते. तिथून ते हळूहळू घरंगळलं, मध्ये तळं झालं, कडेला जेमतेम पापुद्रा उरला आणि खालच्या बाजूला थेंब लोंबून तसेच घट्ट झाले. वर रात्री दिवा चालू राहिल्याने एक चिलट त्यात कायमचं जाऊन बसलं. मुलाला तेच सगळ्यांत आवडतं. पाणी मात्र आत थेंबभर गेलेलं नाही. तक्रारी दोनच: उकळत्या चहाचं पातेलं थेट ठेवल्यावर उमटलेली बुडाची खूण गेली नाही, आणि गॅलरीतल्या उन्हाने पांढरा रंग आठ महिन्यांत पिवळट झाला.

चौथा दोन घटकांच्या पीयूचा (पॉलियुरेथेन), मॅट म्हणजे बिनचकाकीचा. मी आता यावरच थांबले आहे, पण इथवर पोचताना हसं झालं. दुकानात पीयूचा डबा आणि हार्डनर, म्हणजे त्यात मिसळून त्याला घट्ट करणारा दुसरा घटक, घेतला, पातळ करायला थिनर मागितला, तर काउंटरवरच्या मुलाने एनसीचा (नायट्रोसेल्युलोज, हा वेगळ्याच जातीचा लेप) थिनर बांधून दिला. ‘सगळे सारखेच असतात, ताई.’ सारखे नसतात. एनसी थिनरमध्ये अल्कोहोल असू शकतं, आणि रंगाशी जुळायचं सोडून हार्डनर त्या अल्कोहोलशीच जुळतो. तीन दिवसांनीही ट्रे गुळाच्या ढेपेसारखा चिकट. सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून केलं. तेव्हा थिनर पीयूचाच आणि शक्यतो त्याच कंपनीचा घ्या. पीयू आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, माझ्या डब्यावर २:१ होतं. सुई काढलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजने मोजलं की अंदाजपंचे होत नाही. मॅटची पावडर डब्याच्या तळाशी बसते, ती ढवळून वर आणली नाही तर पहिला ट्रे चकचकीत आणि शेवटचा पिठूळ होतो. हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं, म्हणून मी स्प्रेच्या वाटेला गेले नाही. ब्रशने, गॅलरीत, मास्क लावून केलं.

फर्निचर पॉलिश करणारे एक काका शेजारच्या इमारतीत कामाला होते. त्यांनी ट्रे हातात घेतला, तळवा फिरवला आणि म्हणाले, ‘लेप ठीक आहे ताई, पण तुम्ही घासलंच नाहीत.’ खरं होतं. वाळलेला लगदा म्हणजे पोहे थापल्यासारखा खडबडीत. त्यावर कुठलाही डबा ओता, खड्डे चमकू लागतात एवढंच. मग खडूची पावडर आणि गोंद यांची लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, करून भरली, वाळल्यावर १२० नंबरच्या सँडपेपरने, मग २२०, मग ३२० ने घासली. लेपाच्या दर दोन हातांमध्ये पुन्हा ३२०, शेवटच्या हाताआधी ४००. त्यांची एक युक्ती: जुना नायलॉनचा मोजा हातात घालून पृष्ठभागावरून फिरवायचा. जिथे धागा अडकेल तिथे अजून खर आहे. डोळ्यांना दिसत नाही ते मोज्याला कळतं. एका ट्रेचं घासकाम माझ्या तीन दुपारी खातं, लेप अर्ध्या तासात होतो.

आणखी एक इशारा त्यांनीच दिला: ‘पाऊस लागायच्या आत उरका.’ हार्डनर हवेतल्या ओलाव्याशीही जुळतो आणि त्यातून वायू सुटतो, म्हणून ओल्या हवेत बारीक बुडबुडे येतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हट्टाने दिलेल्या जादा हातावर पिनेने टोचल्यासारखी भोकं आली, ती घासून काढावी लागली. उरलेला हार्डनर सप्टेंबरात पाहिला तर डब्यात दगड झाला होता. लहान डबाच घ्यावा.

वापरात पीयूने निराश केलं नाही. गरम कपाची खूण नाही, साबणाच्या फडक्याने रोज पुसते. हळदीचा डाग पडला होता, तो पुसून गेला नाही. ट्रे दोन दिवस उन्हात ठेवला तर फिका होत नाहीसा झाला. कापलेलं फळ किंवा ओलं अन्न थेट त्यावर ठेवत नाही, तेवढं पथ्य पाळते.

फसले ते बुडाला. खालून कोण बघतंय म्हणून बुडाला एकच हात दिला होता, आणि तोही न घासता. सासूबाई ट्रे ओल्या ओट्यावर टेकवतात. ऑगस्टमध्ये बुडाच्या कडेला रुपयाएवढा फुगवटा आला. दाबला तर आत ओल्या पावासारखं लागलं. वरची बाजू तेव्हाही ठणठणीत, पाणी सगळं खालून चढलेलं. तेवढा भाग ब्लेडने कापला, आठवडाभर फ्रिजच्या मागच्या उबेत वाळवला, नवा लगदा भरला आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर बुडाला, कडांना आणि मुठीच्या भोकांच्या आतल्या बाजूला तीन-तीन हात दिले. ठिगळ हाताला लागत नाही, डोळ्याला दिसतं. सासूबाई अजूनही ओल्या ओट्यावरच ठेवतात.