पुरण वाटायचे कशात: मिक्सर की पुरणयंत्र?

होळी, श्रावणातले जिवतीचे शुक्रवार, बैलपोळा आणि गौरीजेवण असे वर्षातून चार-पाच वेळा ज्या घरात पुरण शिजते, त्या घरात हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. मिक्सर घरात आहेच, मग मोजक्या दिवसांसाठी पुरणयंत्र आणून माळ्यावर कशाला टाकायचे, असे एक बाजू म्हणते. मिक्सरमधून निघालेल्या लगद्याला पुरण कशाला म्हणायचे, असे दुसरी. मी पहिल्या बाजूने तीन वर्षे काढली आहेत आणि गेली काही वर्षे यंत्र वापरतो आहे, म्हणून दोन्हींबद्दल थोडे लिहिण्यास हरकत नसावी. पाट्या-वरवंट्याचा विचार मी येथे केलेला नाही. खापरावरच्या मांड्यांसाठी पाट्यावर गंधासारखे वाटलेले पुरण ज्यांनी खाल्ले आहे, त्यांना त्याची सर कशालाही येत नाही हे ठाऊक असते. पण टाकी लावलेला पाटा आणि तो चालवणारे खांदे ही दोन्ही ज्यांच्याकडे आहेत, अशांपुढे हा प्रश्न मुळात येतच नाही.

आमच्या घरी पुरणाचे खाते माझ्याकडे आले ते आईचा उजवा खांदा धरल्यानंतर. तिच्याकडे पितळेचे जुने यंत्र होते, टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायचे आणि बाजूचा दांडा फिरवायचे. आमच्या नव्या ओट्याच्या ग्रॅनाइटला दुमडलेली जाड पट्टी असल्यामुळे त्या यंत्राचा जबडा तिथे बसेना, आणि जेवणाच्या टेबलाला लावले तर टेबलच सरकू लागले. त्यामुळे पहिल्या वर्षी मी मुकाट्याने मिक्सर काढला.

मिक्सरच्या बाजूने जे बोलले जाते त्यातले बरेचसे खरे आहे. अर्धा किलो डाळीचे पुरण तीन घाण्यांत, दहा-बारा मिनिटांत वाटून होते, धुवायला एक भांडे आणि एक झाकण निघते, हात दुखत नाहीत. वाटीभर डाळीचे पुरण करायचे असेल तर यंत्र काढणे, जोडणे आणि धुणे यांत जितका वेळ जाईल तितक्यात मिक्सरवाल्याच्या चार पोळ्या लाटूनही होतील. नागपंचमीची दिंडे किंवा कडबू करायचे असतील तर पुरण थोडे भरड राहिले तरी काही बिघडत नाही, कारण तिथे पुरण लाटणाऱ्याच्या हाताखाली येत नाही, नुसते गुंडाळले जाते. ही बाब पोळीवाल्यांनी विसरू नये.

अडचण सुरू होते ती पोळीपाशी, आणि तिचे मूळ एका साध्या विसंगतीत आहे. पुरण ऊन असताना मऊ आणि सरसरीत असते, ते गार होऊ लागले की गुळामुळे घट्ट होत जाते. म्हणजे वाटायचे ते ऊन असतानाच. मिक्सरच्या बंद भांड्यात मात्र ऊन पदार्थ घालू नये असे सांगितलेले असते, आणि ते का सांगितले आहे हे मी आमच्या ओट्यामागच्या टाइलवर एकदा पाहिले आहे, कारण वाफेने झाकण उचलले गेले होते. गार होईपर्यंत थांबावे तर पुरण इतके आळते की पाते मधल्या पोकळीत नुसतेच फिरत राहते आणि पुरण भांड्याच्या कडेला चिकटून बसते. मग आपण झाकण काढतो, चमच्याने कडा खरवडतो, पुन्हा फिरवतो, आणि शेवटी कंटाळून दोन चमचे कट ओततो. पुरण सैल होते, म्हणून ते परत गॅसवर चढवायचे; आणि वाटलेले पुरण आटवताना जे रटरटते आणि मनगटावर उडते, त्याचे डाग पुढचे आठ दिवस दिसतात.

यावर अनुभवी मंडळी एक उपाय सुचवतात. गूळ घालण्यापूर्वी, कट निथळून घेतलेली नुसती डाळच मिक्सरमधून काढावी आणि मग गुळाबरोबर आटवावी. उपाय चांगला आहे, मी दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी तसेच केले आणि त्रास निम्मा झाला असे म्हणण्यास हरकत नाही. तरीही माझा निर्णय ज्या एका गोष्टीने फिरवला ती यातूनही सुटली नाही, आणि ती म्हणजे न वाटली गेलेली डाळ. मूठभर नव्हे, अक्षरशः दहा-पंधरा अख्ख्या डाळी.

आमच्या सोसायटीत बोअरचे पाणी येते. जड पाण्यात हरभऱ्याची डाळ सारखी शिजत नाही. त्यात डाळ जुनी असेल तर कुकरच्या चार शिट्यांनंतरही काही दाणे बोटाखाली कणी लागतेच असे राहतात, आणि एकदा गूळ पडला की ते पुढे मऊ होण्याचे नाव घेत नाहीत. मिक्सरमध्ये असे दाणे पात्याखाली, भांड्याच्या तळाशी जाऊन बसतात. वरून पुरण लोण्यासारखे दिसते, बोटाने चाखले तरी कळत नाही. कळते ते लाटताना. गौरीच्या जेवणाला आमच्याकडे थोरल्या वहिनी पोळ्या लाटतात, तेलावरच्या, पातळ. पोळी कडेपर्यंत पोहोचत आली की तिथे एक दाणा पापुद्र्याखाली उभा राहतो, लाटणे त्यावरून गेले की पोळी फाटते, पुरण तव्यावर येते, तिथे ते जळते आणि पुढची पोळी त्या काळ्या डागाला चिकटते. त्या दिवशी बावीस पोळ्यांतल्या पाच फुटल्या, आणि नैवेद्याच्या पानात फुटकी पोळी वाढायची नाही असा घरातला दंडक. वहिनी एवढेच म्हणाल्या, "भावजी, पुरणात डाळ आहे." त्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागले.

पुढच्या होळीला मी तुळशीबागेतून स्टीलचे पुरणयंत्र आणले, पातेल्यावर तीन पायांनी उभे राहणारे, वर दांडा आणि खाली जाळी असलेले. त्याचे तत्त्व मिक्सरच्या अगदी उलट आहे. मिक्सर पुरण कापतो, आणि जे पात्याच्या वाटेत आले नाही ते तसेच राहते. यंत्रातले तिरके पाते पुरणाला जाळीतून खाली दाबते, म्हणून भोकातून जाण्याइतके जे बारीक झाले नाही ते खाली जाऊच शकत नाही. पहिल्या दिवशी सगळे पुरण काढून झाल्यावर जाळीवर चमचाभर कडक डाळ आणि दोन वेलदोड्यांची साले उरली होती. तो चमचा मी मुद्दाम वहिनींना नेऊन दाखवला. शिवाय यंत्रात झाकण नाही, त्यामुळे कढईतून उतरलेले वाफाळते पुरण थेट ओतता येते आणि गार होण्याची वाट पाहावी लागत नाही. उतरलेले पुरण किंचित रवाळ असते, मिक्सरमधल्यासारखे चिकट नसते, आणि त्यामुळे गोळा कणकेत सारखा पसरतो असे मला वाटते. अर्थात यात नव्या वस्तूचे कौतुक किती आणि खरेपणा किती, हे सांगणे अवघड आहे.

यंत्राचे दोष लपवण्यात अर्थ नाही. अर्धा किलो डाळीला पंचवीस मिनिटे लागतात आणि दंड भरून येतो. पुरण गार होऊ दिले तर दांडा हलत नाही, म्हणून ते थोडे थोडे घालून बाकीचे कढईत झाकून ठेवावे लागते. तीन पाय पातेल्याच्या काठावरून घसरतात, त्यामुळे दुसऱ्या कोणीतरी यंत्र धरून उभे राहिलेले बरे. आमच्याकडे हे काम मुलाकडे आहे आणि मोबदला म्हणून जाळीखाली लोंबणारे पुरण त्याचे. जाळी त्याच क्षणी पाण्यात टाकली नाही तर वाळलेला गूळ काढायला टूथब्रश घेऊन बसावे लागते, आणि धुतल्यावर पात्याखालची स्प्रिंग नीट पुसली नाही तर ती गंजते.

तेव्हा दोघांचेच घर असेल, पुरण वाटीभर असेल, पोळी जाडसर चालत असेल किंवा खांदा आईसारखा धरलेला असेल, तर मिक्सर पुरेसा आहे. फक्त डाळ गुळाआधी फिरवावी आणि फिरवण्यापूर्वी परातीत पसरून बोटांनी एकदा चाचपावी. पण घरात गौरी बसत असतील, पान दहा-बारा जणांचे असेल आणि पोळी पातळ लाटणारे कोणी असेल, तर माझा कल कोणीकडे आहे हे एव्हाना लक्षात आले असेल. यंत्र घेताना जाळी हाताने दाबून पाहावी, कारण पातळ पत्र्याची जाळी पुरणाच्या जोराने मधोमध दबते आणि मग पाते तिला टेकत नाही. आणि पायांमधले अंतर आपल्या पातेल्याला जुळते का, हे दुकानातच पाहून घ्यावे. मी पातेले पिशवीत घालून नेले होते. दुकानदार हसला, पण त्याने एकामागून एक तीन यंत्रे त्यावर ठेवून दाखवली, आणि त्यातले तिसरे बसले.