७४९ रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: पाच महिने वापरल्यावर

या वस्तूला बंद करायचं बटण नाही. हे पुढेही येणार आहे, तयारीत राहा. वस्तू म्हणजे गाडीच्या ओबीडी सॉकेटला लावायचा छोटा डबा, गाडीच्या कंप्युटरमधले बिघाडाचे कोड आणि चालू आकडे ब्लूटूथने फोनवर दाखवणारा.

घेतला कशासाठी, तर आमची २००९ ची पेट्रोल हॅचबॅक, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेली, मार्चपासून चालता चालता बंद पडायला लागली. रोज नाही. सकाळी थंडाव्यात काही नाही. दुपारी तासभर पळवली, एसी चालू असला, की सिग्नलला गप्प. वीस मिनिटं बॉनेट उघडून उभं राहायचं, मग एका सेल्फमध्ये चालू, जसं काही झालंच नव्हतं. मेकॅनिकच्या दारात तर एकदाही बंद पडली नाही.

थ्रॉटल बॉडी साफ केली, ६०० रुपये. प्लग नवे, फिल्टर नवा. मग ‘पंप कमजोर झालाय’ म्हणून पेट्रोल पंप बदलला, ४,८०० रुपये. आठ दिवस झकास चालली. त्या आठ दिवसांत अवकाळी पाऊस होता आणि हवा गार होती, हे डोक्यात यायला मला दोन महिने लागले.

मे महिन्यात पुण्याहून कराडला जाताना खंबाटकीच्या चढावर, ऐन वळणात गेली. इंजिन गेलं की पॉवर स्टिअरिंग दगडासारखं होतं आणि ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमधला उरलेला व्हॅक्यूम दोन-तीनदा ब्रेक दाबेपर्यंतच पुरतो. म्हणून ब्रेक एकदाच दाबून धरला, हँडब्रेक ओढला, बायकोने उतरून चाकामागे दगड लावला. मागे ट्रकांचे हॉर्न. नंतरच्या वीस मिनिटांत तिच्या बोलण्यात ‘भंगार’ हा शब्द चार वेळा आला. पण १५ वर्षं झाल्यावर ५,००० रुपये फी आणि वर ग्रीन टॅक्स भरून पुढच्या पाच वर्षांचं पासिंग करून घेतलेली गाडी भंगारात काढायला माझं मन धजत नाही.

शेवटी सर्व्हिस सेंटरला नेली. ‘ईसीयू बदलावा लागेल, २८ हजार.’ ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा कंप्युटर. कोड कुठला आला, विचारलं. ‘कोड येत नाही ना सर, म्हणूनच ईसीयू.’ त्या रात्री हा स्कॅनर मागवला.

पहिल्या महिन्यात दोन स्टार दिले होते, आणि तेही जास्त वाटत होते. एक तर यालाही कोड सापडेना, दर वेळी पाटी कोरी. दुसरं म्हणजे बटण. ओबीडी सॉकेटला चावी काढली तरी बॅटरीचा करंट चालूच असतो, त्यामुळे हा डबा रात्रंदिवस लाल दिवा लावून बसतो. मीटर लावून मोजलं तर ४० मिलिअँपिअर. म्हणजे दिवसाला साधारण १ अँपिअर-तास. माझी बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, तीही चार वर्षांची. गावाला बारा दिवस जाऊन आलो तर सेल्फ नुसता टक टक. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर लावावा लागला. दोन रुपयांचं बटण लावायला काय जात होतं?

जूनमध्ये मत बदललं. कोड वाचायचा नाद सोडून मी ॲपमध्ये लाइव्ह आकडे बघायला लागलो. सुरुवातीला बारा-पंधरा आकडे एकदम लावले होते, तेव्हा हा स्वस्त डबा इतका मंद चालायचा की आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, तीन-चार सेकंदांनी बदलायचा. फक्त तीनच ठेवा: आरपीएम, कूलंटचं (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान, व्होल्टेज. मग सेकंदाला दोन-तीनदा आकडा येतो आणि रेकॉर्डिंग कामाचं होतं. मुलाला फोन देऊन शेजारी बसवलं आणि भर दुपारी सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये मुद्दाम गाडी घातली. पेट्रोल फुकट गेलं, पण बंद पडली! कूलंट ९६ अंश, आरपीएम ८२० आणि पुढचाच आकडा शून्य. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन आचके देतं, आकडा डगमगत खाली येतो. इथे कोणीतरी चावी काढल्यासारखा सरळ शून्य.

तशीच गरम असताना सेल्फ मारत आरपीएम बघायचा होता. सेल्फने इंजिन फिरतं तेव्हा दोनशेच्या आसपास आकडा दिसायला हवा. इंजिन फिरतंय आणि स्क्रीनवर शून्य, तर इंजिन फिरतंय हे सांगणाऱ्या क्रँक सेन्सरचा सिग्नलच ईसीयूपर्यंत पोचत नाही. पण सेल्फ मारताच व्होल्टेज पडला आणि ब्लूटूथ तुटलं, कारण बॅटरी अर्धमेली. अर्धमेली कोणामुळे? बटण! बॅटरी रात्रभर चार्ज करून पुढच्या रविवारी पुन्हा तोच खेळ केला. सेल्फ फिरतोय, स्क्रीनवर शून्य.

कोड का नव्हता तेही तेव्हा उमगलं. सिग्नल पूर्ण गेला की आमच्या ईसीयूला वाटतं इंजिन थांबलंय, थांबलेल्या इंजिनाचा कसला आलाय कोड.

कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनला रेकॉर्डिंग दाखवलं. ते काहीच बोलले नाहीत, गाडी गरम होऊन बंद पडल्यावर ओला फडका घेऊन गिअरबॉक्सजवळच्या क्रँक सेन्सरवर धरला, पाच मिनिटांनी सेल्फ मारला. चालू. आमचा सेन्सर दोन तारांचा, म्हणून काढून मीटरवर तपासता आला: थंड असताना ८७० ओहम, गरम पाण्यात धरल्यावर डाव्या बाजूला नुसता १, म्हणजे आतली वायर तुटलेली. तीन तारांचा असेल तर असं मोजू नका, तो बहुतेक वेळा वेगळ्या जातीचा असतो. नवा सेन्सर १,१५०, मजुरी ३००. फडक्याचे पैसे घेतले नाहीत.

त्यानंतर चार महिने, भर ऑक्टोबर हीटमध्येसुद्धा, एकदाही बंद नाही. खंबाटकी दोनदा एसी लावून चढलो.

आता चार स्टार. घेण्याआधी गाडीला सॉकेट आहे का बघा, आणि सॉकेट असूनही जुनी गाडी याच्याशी बोलेलच असं नाही. शेजारचे काका माझा डबा त्यांच्या मेकॅनिकल पंपाच्या, म्हणजे ईसीयूच नसलेल्या, जुन्या डिझेल जीपसाठी घेऊन गेले होते, अर्धा तास सीटखाली सॉकेट शोधत होते.

पाचवा स्टार बटणासाठी राखून ठेवलाय. बटणवाली एक्स्टेंशन केबल वेगळी मिळते, ३५० रुपये. ७४९ च्या वस्तूला ३५० चं बटण मी लावणार नाही. काम झालं की उपटून ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकतो.