भुवयांचे ३९,५०० रुपये

गेलेल्या भुवयांवर डोक्याचे केस लावून घेतले, त्याची रक्कम आधीच सांगते, काय हसायचं ते हसून घ्या. बुकिंगचे ५,०००, ऑपरेशनच्या दिवशी रोख २७,००० आणि नंतर 'वाढ जोमात होईल' म्हणून पीआरपीच्या, म्हणजे आपल्याच रक्तातून काढलेल्या द्रवाच्या, तीन इंजेक्शनांचे ७,५००. पावती फक्त ५,०००ची, तीही कच्ची.

थायरॉईडमुळे माझ्या भुवयांची बाहेरची टोकं गेली होती. पेन्सिलने ओढायची, आणि आपल्या खानदेशातला मे महिना! एसटीत घाम पुसला की अर्धी भुवई रुमालावर. ज्याने हे भोगलं नाही त्याने 'एवढी काय हौस' म्हणू नये. पुण्या-मुंबईला जायला रजा नव्हती, म्हणून इकडचंच एक सेंटर गाठलं. फोटो, 'आजच बुक करा, निम्म्या दरात', ते सगळं तुम्हाला ठाऊकच आहे.

गेल्या गेल्या एका पोराने पाण्याचा ग्लास आणून दिला. पांढऱ्या कोटातल्या 'सरां'नी पेनने भुवया आखल्या, भूल दिली, डोक्यामागचे केस काढले आणि फोन आला म्हणून बाहेर गेले. ते गेलेच. मग माझ्या उशाशी हातमोजे घातलेले हात आले. मनगटावर लाल गोफ. हाच गोफ मी ग्लासापाशी पाहिला होता! तेव्हाच उठायला हवं होतं. पण पैसे मोजून झालेले, डोकं मागून टोचलेलं; तशी उठून कुठे जाणार होते?

भुवईचा केस एकेक करून, कातडीला जवळजवळ टेकवून लावायचा असतो. त्याने दोन-तीन केसांचे पुंजके उभे खोवले. लावलेले केस आधी गळतात, तीन-चार महिन्यांनी फुटतात, हे माहीत होतं म्हणून गप्प राहिले. फुटला तो खराटा. शेवटी डोक्याचेच केस, वाढतच राहतात. दर आठवड्याला कात्री. आई म्हणाली, "काय करी बसनी व माय!"

थायरॉईडचा रिपोर्ट न बघता जिथे तारीख देतात, तिथून चपला घालून निघा. गोळ्यांनी थायरॉईड ताब्यात आलं की केस कधी कधी आपणहून परतही येतात. हे मला आत्ता कळतंय!

पोलिसांनी तोंडाकडे बघून विचारलं, "ताई, भुवया तर दिसताहेत, तक्रार कशाची?" म्हणे ग्राहक आयोगात जा. सरकारी दवाखान्यातून पालिकेत पाठवलं. पालिकेतले साहेब मीटिंगला. तीन खेपांनंतर भेटले तर म्हणे, डॉक्टरचा नोंदणी क्रमांक आणा, मग मेडिकल कौन्सिलकडे लिहू. अहो, क्रमांक असता तर मी रडले असते कशाला? केसरोपण प्रशिक्षित डॉक्टरनेच करायचं, तंत्रज्ञ फक्त मदतीला, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच लिहून ठेवलंय. ते वाचायचं कुणी, मी?

रोख देऊ नका. सुई कोण धरणार ते नावासकट लिहून घ्या. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. मी कागद जमवतेय.

काल सेंटरचा मेसेज आला: "मॅडम, मायक्रोब्लेडिंग करून, म्हणजे कातडीत रंग भरून, झाकून देऊ. तुमच्यासाठी फक्त ८,०००."