आज्जीनं गोळी पाकिटासकट गिळली, दुर्बिणीतून काढली (सांगली)
4 स्टार देतोय, पाचवा बिलिंगच्या खिडकीवर गेला, ते खाली सांगतो. हॉस्पिटलचं नाव त्यामुळंच लिहीत नाही.

आमच्या आज्जीला बीपीची गोळी चालू आहे. मेडिकलवाला पट्टी कात्रीनं कापून सुट्ट्या गोळ्या देतो आणि आम्हीपण त्या तशाच डबीत टाकतो, त्यात परवा लाईट गेलेली, अंधारात आज्जीनं गोळी पाकिटासकट गिळली आणि तिला कळलंपण नाही. जेवताना म्हणाली नरड्यात टोचतंय काहीतरी. झालं, शेजारच्या काकूंनी केळं दिलं, आईनं कोरड्या भाकरीचा घास दिला, खाली जाईल म्हणून. हे अजिबात करू नका. तासाभरात थुंकीपण गिळवेना, तशीच तासगाववरनं गाडी काढली.

एक्स-रेत काहीच दिसलं नाही. मला वाटलं आता घरी पाठवतात. पण डॉक्टर मॅडमनी आज्जीलाच विचारलं, "आजी, गोळ्या कशात ठेवता?" आज्जीनं पिशवीतनं डबी काढून दाखवली आणि तिथंच कळलं. नाणं नाहीतर बटण सेल असता तर एक्स-रेत दिसला असता, पाकिटाचं प्लास्टिक आणि पातळ फॉईल बहुतेक वेळा दिसत नाही. आणि कापलेले कोपरे असे धारदार की अन्ननलिकेला भोक पडू शकतं, म्हणून सकाळपर्यंत थांबले नाहीत, रात्रीच घेतलं.

घशात बधिर करायचा स्प्रे, झोपेचं इंजेक्शन, मग दुर्बीण. तिच्या टोकाला पारदर्शक टोपी लावतात, चिमट्यानं पाकीट धरून कोपरे त्या टोपीत ओढून घ्यायचे, म्हणजे वर येताना चिरत नाही. आधी मात्र केळ्या-भाकरीचा लगदा काढत बसावं लागलं, त्यावरनं मॅडमनी आईला चांगलंच ऐकवलं. पोरानं बटण सेल गिळला तर 2 तासातच आतून भाजायला लागतं, तेव्हा असले उद्योग करत बसू नका म्हणाल्या.

पाकीट ट्रेमध्ये दाखवलं, नखाएवढं चौकोनी, गोळी आत शाबूत. शुद्धीवर आल्यावर आज्जी विचारती, "मग आजची गोळी राहिलीच की?"

आता बिलिंग. रात्री 1 वाजता खिडकीवर माणूस नाही, आला तर म्हणतो कार्ड मशीन बंद आहे, कॅश आणा. एवढ्या रात्री एटीएम शोधत विश्रामबागपर्यंत गेलो. आणि 300 रुपये फाईल चार्ज कशाचा हे सकाळपर्यंत कोणी सांगितलं नाही, फाईलपण त्यांनीच ठेवून घेतली.